गेणबांची दोन पानं

६ जानेवारी, सोमवार

नोकरी जाऊन तीन महिने झाले आणि आज पहिलं काम आलं. म्हणून ही वही उघडली. ऑफिसातून निघताना निरोपाची भेट म्हणून मिळालेली, मुखपृष्ठावर कंपनीचं बोधचिन्ह. त्यावर मी आधी कागद चिकटवला.

इंद्रजित माझ्याबरोबर कॉलेजात होता. दोघातिघांना हाताशी धरून तो संगीतावरचं एक त्रैमासिक काढतो. वाचणारे थोडे, वाखाणणारे जास्त. येत्या अंकाची मधली दोन पानं त्याला माझ्याकडून हवीत. समोरासमोरच्या दोन्ही पानांवर मिळून एकच फोटो, एकच माणूस, थोडा मजकूर. माणूस म्हणजे माल्याचे गेणबा, वय चौऱ्याहत्तर, सनई वाजवणारे. फोटोही मीच काढायचे आहेत. मला हात आहे म्हणाला, म्हणजे माल्याला जायला दुसरं कोणी तयार झालं नसणार.

वर मलाच शिकवतो की मध्ये पिना मारतात, तिथे घडीवर चेहरा येऊ देऊ नकोस. गेल्या अंकात यानेच एका गायिकेच्या नाकात पिन घातली होती.

९ जानेवारी, गुरुवार

जांब्याच्या माझ्या खोलीपासून माले, स्कूटरने सव्वा तास. घोटावड्यापर्यंत डंपरची धूळ खाल्ली, पौडनंतर जरा श्वास घेता आला.

गेणबा ओटीवर वाट बघत बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर सनई. त्यांची बायको कधीच वारली, घरात आता ते आणि सून गौतमी, एवढी दोघंच. गौतमी तिशीची असेल. लवळ्याला एका कॉलेजच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. माझ्यासाठी तिने आज खाडा केला होता.

वाजवा म्हटलं तर गेणबा नाही म्हणाले. सनई एकट्यानं वाजवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारी दुसरा बसतो. त्याच्या सनईला बोटांची भोकं नसतात. तो एकच स्वर धरून ठेवतो, मध्ये श्वाससुद्धा तोडत नाही. याला सूर धरणं म्हणतात. सूर आधी लागतो आणि शेवटी थांबतो, आणि सूर चालू असेतोवर वाजवणाऱ्यानं सनई खाली ठेवायची नाही, असा त्यांच्या घराचा नेम.

त्यांचा सूर त्यांचा मुलगा बहिरू धरायचा. सात वर्षांपूर्वी पौडला एका लग्नात वाजवून बापलेक चालत परत येत होते. वाटेत शब्दाला शब्द लागला आणि बहिरू ताम्हिणीकडे निघालेल्या टेम्पोत चढला, तो आजतागायत परतलेला नाही. "सुराची सनई बी संगं घिऊन गेला," गेणबा म्हणाले. "आता म्या कशाच्या आधारानं वाजवू?" एवढं बोलून ते अंगणाकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं.

गावामागे दगडाची बंद पडलेली खाण आहे. तळाशी हिरवंगार पाणी साचलंय. त्या पाण्यावर असा फोटो आला असता की इंद्रजित नाचला असता. पण गेणबा उठायलाच तयार होईनात. तिकडं न्हाई, एवढंच म्हणत बसले. म्हाताऱ्या माणसाशी कोण हुज्जत घालणार. आतल्या खोलीत घोंगडी अंथरली. ते स्वतःच्या उजव्या हाताला सरकून बसले आणि डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडली. मी सांगितलं नव्हतं. मला ते सोयीचंच पडलं, मजकुराला पान रिकामं मिळालं.

निघताना गौतमी स्कूटरपाशी आली. पदराखाली बहिरूचा लग्नातला फोटो. तो छापा आणि खाली माझा नंबर टाका, कुणीतरी ओळखेल, असं तिचं म्हणणं. तिच्या भावाने भुकूमचं एक स्थळ आणलंय, माणूस चांगला आहे, दोन वर्षं थांबलाय, आणि ही हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. मी म्हटलं, बाई, हे संगीताचं मासिक आहे, पोलिसांचं पत्रक नव्हे. जरा फटकळच झालं. ती चिडली नाही.

"त्यो हाय का न्हाई, येवढंच मला कळू द्या, ताई," म्हणाली. "हाय तर वाट बघीन. न्हाई तर रडून मोकळी हुईन."

अंगठ्याएवढा फोटो कोपऱ्यात घालीन, असं कबूल करून बसले. इंद्रजितला कसं पटवायचं ते देव जाणे.

११ जानेवारी, शनिवार

दिवसभर दोन पानं मांडली. बारा फोटोंतला सातवा निवडला. डाव्या पानावर गेणबा, घडीच्या अलीकडे त्यांचा हात, उजव्या पानावर रिकामी घोंगडी आणि मागची भिंत.

मग माझं आवडतं काम, फोटोतला पसारा पुसणं. सहा वर्षं मी कंपनीत हेच केलं. कॅलेंडर काढलं, वायर काढली, बल्बचं बटण काढलं. फडताळाच्या वर, अगदी आढ्याला टेकून, मळक्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मोठं करून पाहिलं तर फडक्यातून पितळेचं तोंड बाहेर आलेलं. सनईचंच दिसतं, जुनी मोडकी असेल. रिकाम्या पानावर नजर पहिली तिकडेच जाते, म्हणून तीही पुसली. भिंत आता कशी लख्ख झाली.

एक मात्र खटकलं. भिंत साफ झाल्यावर घोंगडीची रिकामी बाजू जास्तच दिसायला लागली. मधोमध दबलेली आहे, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. दोनदा ती जागा सपाट केली. मग कंटाळून राहू दिली.

गौतमीला सगळे फोटो हवे होते, मूळचे, न पुसलेले. बाराच्या बारा पाठवले.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सातलाच गौतमीचा फोन. सातव्या फोटोत फडताळावर काय आहे म्हणून विचारत होती. फडताळ इतकं उंच की तिचा हात तिथवर कधी पोचत नाही म्हणे. मी म्हटलं, काहीतरी जुनी सनई असेल, काळजी करू नका, छापताना दिसणार नाही, मी पुसलीय. 

मग म्हणाली, "ह्यांचा फोटू नका टाकू आता."

का म्हणून विचारलं, तर नको एवढंच. घ्या. मी तीन दिवस त्या कोपऱ्यापायी डोकं फोडतेय आणि बाईसाहेबांचं मन बदललं. माणसांना काय हवं ते त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. असो, कोपरा आयता मोकळा झाला. इंद्रजितला सांगायची वेळही आली नाही.

१९ जानेवारी, रविवार

मजकूर वाचून दाखवायला माल्याला गेले होते.

गौतमीचे ओठ पार फुटलेत. मधोमध चीर, गालही सुजल्यासारखे. यंदा थंडी आहेच तशी. मी तिला तूप लावायला सांगितलं. ती हसली आणि लगेच तोंडावर हात धरला, दुखलं असणार. फडताळावर वर काही नव्हतं, धूळसुद्धा नाही. स्टूल मांडून साफ केलं म्हणाली. गेणबा माझं वाचन ऐकत होते, पण बघत होते त्या फडताळाकडेच.

दहा दिवसांत माणूस ओळखू येईनासा झालाय. डोळे आत गेलेत. गौतमी गोठ्याकडे गेली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार.

"बाई, तुमाला सूर ऐकू येतो का? पाटंचं येतो. खानीच्या अंगानं."

मी नाही म्हणाले. म्हातारपणी कान वाजतात, आमच्या परभणीच्या आजोबांनाही रेडिओ ऐकू यायचा. पण स्कूटरला चावी लावली आणि मलाच आला. शेतापलीकडून, बारीक, एकच स्वर. मध्येच तुटायचा, परत लागायचा. मी हाक मारून गौतमीला विचारणार होते, पण ती कुठे दिसेना, गोठ्यातही नव्हती.

निदान म्हाताऱ्याला वेड लागलं नाही एवढं तरी त्याला कळावं, म्हणून मी परत आत गेले आणि म्हणाले, मलाही ऐकू आला. बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ते उंबऱ्यावर खाली बसले आणि टोपी काढून हातात धरून राहिले. पाणी विचारलं तर नको म्हणाले.

२२ जानेवारी, बुधवार

इंद्रजितची नवी टूम. पानावर एक चौकोन छापायचा, त्यावर फोन धरला की सनई ऐकू आली पाहिजे. म्हटलं, ते वाजवतच नाहीत, सूर धरणारा नाही. तो म्हणाला, बघ काहीतरी. नेहमीसारखं सगळं माझ्या गळ्यात. गौतमीला निरोप टाकला.

२५ जानेवारी, शनिवार

गौतमीने ध्वनिमुद्रण पाठवलं, फोनवरच केलेलं. एकोणीस मिनिटं.

आधी नुसता सूर. रविवारी ऐकला तोच, पण आता कुठे तुटत नाही. तीनेक मिनिटं काहीच नाही, नुसता तो. मग सनई आली, घाबरतघाबरत, दाराआडून डोकावल्यासारखी. मला रागदारी कळत नाही. लग्नातली काहीतरी चीज असावी. हळूहळू तिच्यात जीव आला आणि ऐकताना मला रडूच फुटलं, खोटं कशाला लिहू. पण बाराव्या मिनिटानंतर गडबड आहे. सनई थांबायला बघते. सूर थांबत नाही, म्हणून ती परत उठते. असं चारदा. शेवटी नुसती फुंकर उरते आणि खोकला. सूर तेवढा तसाच चालू.

गौतमीला फोन केला, सूर कोणी धरला?

"तुमाला ऐकू आला नव्हं?" ती म्हणाली. "मग झालं."

गेणबा काय म्हणतात विचारलं.

"मामंजी म्हंत्यात, त्यो आलाय."

आवाज अगदी साधा, भाजी निवडताना बोलावं तसा. मी फोन ठेवला आणि खोलीत बसवेना. भर दुपारी चार जिने उतरून घरमालकांच्या घरी गेले आणि त्यांच्या घरातल्या बायकांबरोबर तासभर मालिका बघितली. त्यांना वाटलं, पाणी आलं नाही म्हणून तक्रार घेऊन आले.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण मग तो सूर कोणाचा, हे मला सांगता येत नाही. सनई सुरू झाल्यानंतरची तीन मिनिटं कापून इंद्रजितला पाठवली. तो खूश. सूर धरणाऱ्याचं नाव मागतोय. माहीत नाही म्हणून कळवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

पानं छापखान्यात गेली. छपाईआधीचा नमुना बघितला. गेणबांचा चेहरा घडीपासून चांगला लांब आहे, पिना घोंगडीतून जातात. इंद्रजित म्हणाला, आजवरची सगळ्यात देखणी दोन पानं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या लख्ख भिंतीकडे बघत राहिले आणि काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं. तीनदा तपासलं. काहीच राहिलेलं नाही.

गौतमी आठवडाभर कँटीनला गेलेली नाही. मी फोन केला तर आवाज बसलेला होता. गेणबांना बोलायला दे म्हटलं, तर म्हणाली, ते आता फारसं बोलत न्हाईत, नुसतं ऐकत्यात.

९ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर परत काहीतरी पुसून टाकीन.

काल सकाळी अंकाच्या पाच प्रती घेऊन निघाले. माल्याच्या फाट्यावर स्कूटर बंद केली आणि सनई ऐकू आली. टपरीवाला म्हणाला, दिस उगवल्यापास्नं चाललंय, म्हातारं आज थांबतच न्हाई. मला तर हसू आलं. वाटलं, अंक येणार म्हणून खुशीत वाजवतायत.

अंगणात दहा-बारा माणसं उभी होती. ओटीवर घोंगडी अंथरलेली, तीवर गेणबा. फेब्रुवारीच्या सकाळी घामाने निथळत होते, डोळे लाल. आणि त्यांच्या डाव्या बाजूला, त्या जागेवर, गौतमी. मांडी घालून, गाल फुगवून. तिच्या तोंडाला सनई होती, भोकं नसलेली, पितळेच्या तोंडाची. ते पितळ मी लगेच ओळखलं. मीच तर ते पुसलं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सुराची सनई बहिरू बरोबर घेऊन गेला, असं गेणबा म्हणाले होते. ती सात वर्षं याच घरात, फडताळावर होती. गौतमीने माझ्याच फोटोत ती बघितली. मी तिला सांगितलं, जुनी असेल, काळजी करू नका. ते फुटलेले ओठ, ती गोठ्यात न सापडलेली, पहाटेचा सूर. तूप लाव म्हणाले होते मी तिला.

ती गेणबांकडे बघत होती. नुसती बघत होती. आजवर ती लपून सूर धरत असणार, आज समोर येऊन बसली. गेणबांची बोटं चुकायला लागली होती. सनई थांबवायला जायचे, सूर चालूच, परत उचलायचे. नेम मोडायचा कसा? म्हाताऱ्याने साठ वर्षांत मोडला नसेल. गर्दीतली एक बाई म्हणाली, पुरं कर गं, मरंल त्यो. गौतमीने मान वळवली नाही. मीही पुढे झाले नाही. का झाले नाही, माहीत नाही. भीती वाटत होती हे खरं.

शेवटी सनईतून नुसता वारा यायला लागला. गेणबांनी ती तोंडापासून काढली आणि हळूच घोंगडीवर ठेवली. सूर चालूच होता. त्या सुरातच ते बोलले.

"खानीत हाय त्यो. सूर सोडतो म्हनला, शहरात जातो म्हनला. म्या ढकलला. सनई काठावर ऱ्हायली, ती टाकवंना."

गौतमीने सनई काढली. तोंडात धरायच्या पत्तीला रक्त लागलं होतं. अंगणात इतकं शांत झालं की मला कानात दडे बसल्यासारखं वाटलं.

"सात वर्सं मी कुकू लावून दाराकडं बघत बसले," ती म्हणाली. "आनि रोज तुमाला भाकर वाढली."

ती रडली नाही. ओरडलीही नाही. सनई फडक्यात गुंडाळली आणि मला म्हणाली, पौडला पोलिसात सोडा. गेणबा उठले, धरत धरत. टोपी घातली, वहाणा शोधल्या. मग बाजाराला निघाल्यासारखं मला विचारलं, गाडीवर तिघं बसतील का. गौतमीच म्हणाली, न्हाई.

"मग तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "म्या येतो चालत."

ठाण्यात हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि सनई घरात होती याला पुरावा काय म्हणून विचारलं. गौतमीने माझ्या हातातला अंक घेतला आणि दोन पानं उघडली. भिंत लख्ख. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आपण इथून उठून पळून जावं. मूळ फोटो फोनमध्ये होता, तो दाखवला, तारीख-वेळेसकट. हवालदाराने तो बोटांनी मोठा केला आणि मान हलवली. माझी सहा वर्षं पसारा पुसण्यात गेली आणि त्याची मला ऐट होती. काल त्या बाकावर बसून मला स्वतःची शिसारी आली.

खाणीकडे माणसं पाठवतो म्हणाले, पण आधी म्हातारा हवा. एक शिपाई म्हणाला, तो कशाला येतोय, गेला असंल डोंगराला. गौतमीने फाटकाकडे एकदाही बघितलं नाही. मी मात्र तासभर तेवढंच केलं.

दुपारी अडीचला ते आले. गुडघ्यापर्यंत धूळ, एक वहाण तुटलेली, ती हातात. त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला बसले. हवालदाराने नाव विचारलं. ओठ हलले पण घशातून आवाज येईना, नुसतं कोरडं. गौतमी उठली. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला, सांडू नये म्हणून पेल्याला खालून हातही लावून धरला. ते प्यायले. मग ती परत आपल्या जागी जाऊन बसली.

त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. हवालदार लिहीत होता. मान वर न करता त्याने विचारलं, मुलाचं वय?

"सत्तावीस," दोघं एकदमच म्हणाली.